लग्नसराईचे कापड : बरी, आहेर आणि उधारी
– फैजपूरचे एक कापड व्यापारी



या पानावर व्याज, भागीदारी, हिशेब याविषयी आपण वाचतो. आज मी माझ्या गादीवर रोज येणारा विषय घेतला आहे. तो म्हणजे मुसलमान घरातील लग्न आणि त्यासाठी लागणारे कापड. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी मी दुकानात, गिऱ्हाइकांकडून शिकलो. म्हणून भाषेत काही चूकभूल झाल्यास वाचकांनी माफ करावी, हिशेबात चूक सापडल्यास मात्र जरूर कळवावे.

आपल्या फैजपूरचा कापडाशी संबंध जुना आहे. इंग्रजी अमदानीतील खानदेशच्या गॅझेटियरमध्ये येथील छापील सुती कापडाची आणि निळ्या-तांबड्या रंगाईची नोंद आहे. तांबडा रंग आलीच्या मुळापासून निघत असे. इ. स. १८६९ नंतर जर्मनीतील कारखान्यांत तयार झालेला तांबडा रंग बाजारात आला आणि १८९७ पासून कारखान्यातील नीळही आली. देशभरातील अशा रंगाऱ्यांचा धंदा त्यामुळे बसला. डिसेंबर १९३६ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले ते पहिले. त्या वेळी गांधीजींनी खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडले होते. आता आपल्या दुकानात सुरतेचा माल असतो, मालेगावच्या साड्या असतात, आणि सावदा-रावेर ओलांडून गेले की बऱ्हाणपूरचे यंत्रमाग आहेत. माल बाहेरून येतो, पण लग्ने इथलीच आहेत. म्हणून इथले रिवाज ज्याला ठाऊक नाहीत त्याला हा माल खपवता येत नाही.

शरीयतीत काय आहे आणि रिवाजात काय आहे

हे व्यापाऱ्याने आधी समजून घ्यावे. कारण गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून सांगते, आणि आपण मान डोलावत थान उलगडत जातो.

निकाहसाठी लागते ते थोडे आहे. वधूची रजामंदी, वली किंवा वकील, दोन गवाह, ईजाब-कबूल आणि महर. खुतबा होतो, खारका वाटल्या जातात. त्यानंतर वराकडून वलीमा. कापडाचा त्यात कुठेही आकडा नाही. बाकी मंगनीची ओढणी, हळदीचे पिवळे कपडे, मेंदीची रात्र, वराकडून नवरीला येणारी बरी, नवरीकडून जाणारे जहेज, दोन्हीकडच्या नातेवाइकांचा आहेर, चौथी, जुमागी हे सारे रिवाज आहेत. यातील काही निरुपद्रवी आहेत, काही आनंदाचे आहेत आणि काही घर विकायला लावणारे आहेत. मुलीच्या बापाने शेकडो पाहुण्यांना जेवण घालावे हेही शरीयतीत नाही. जेवण वलीम्याचे आणि ते वराकडचे.

इथे ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची आठवण व्यापाऱ्याने ठेवावी. मक्केहून मदिनेत आले तेव्हा हात रिकामे होते. मदिनेतील भावाने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तूप यांच्या व्यापारावर त्यांनी सुरुवात केली. काही दिवसांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्यांच्या कपड्यावर सुगंधाचा पिवळा डाग दिसला, विचारले तेव्हा निकाह झाल्याचे त्यांनी सांगितले. महर म्हणून खजुराच्या एका बीभर सोने दिले होते. त्यावर, वलीमा कर, एका बकऱ्याचा का होईना, असे त्यांना सांगण्यात आले. आधी बाजार, मग कमाई, मग त्या कमाईतून महर आणि शेवटी वलीमा, असा तो क्रम आहे. आमच्याकडे आधी शादी होते आणि कमाई पुढची तीन वर्षे ती फेडत राहते.

महराबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती कापडाच्या उधारीशी जुळते. निकाहनाम्यात महर दोन प्रकारे लिहितात. उर्दूत 'ऐन'ने लिहिलेला मुअज्जल म्हणजे ताबडतोब द्यायचा आणि 'हमजा'ने लिहिलेला मुअज्जल म्हणजे मुदतीने द्यायचा. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. म्हणून ज्या घरात निकाहनामा मराठीत भरला जातो तिथे सरळ 'नगद' किंवा 'उधार, अमुक मुदतीत' असे लिहून घ्यावे. महर-ए-फातिमी ५०० दिरहम, म्हणजे १३१ तोळे ३ मासे, आजच्या मापाने १ किलो ५३०.९ ग्रॅम चांदी धरतात. हनफी मजहबात कमीत कमी महर १० दिरहम, म्हणजे सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी आहे. चांदीचा भाव त्या दिवशीचा जळगावच्या सराफ बाजारातून विचारावा. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे आणि त्यात महराला हुंड्यातून वगळलेले आहे, कारण महर हा बाईचा हक्क आहे. माझ्या पाहण्यात मात्र आमच्यातील सर्वांत जुनी थकबाकी हीच आहे. बरीवर चाळीस हजार रोख खर्च करणारा माणूस महर 'उधार' लिहून मोकळा होतो. मी गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगतो. काही जण हसतात. एकाने एकदा बरीतले दोन जोडे कमी केले आणि ते पैसे महरात नगद लिहिले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

चंद्र पाहून माल भरावा

आमच्या लग्नसराईला दोन कॅलेंडरे आहेत आणि दोन्ही एकमेकांना विचारत नाहीत. एक शाळेच्या सुट्टीचे आणि शेताचे : एप्रिल-मे आणि कापूस घरात आल्यानंतरचा काळ. दुसरे हिजरी. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत फेरा पूर्ण करते. जो व्यापारी मागच्या वर्षीच्या तारखा पाहून सुरतेला ऑर्डर देतो तो दोन-तीन वर्षांत फसतो.

उदाहरण पाहा. २०१८ साली रमजान १७ मे रोजी सुरू झाला आणि ईद १६ जूनला आली. म्हणजे उन्हाळी सुट्टीचा उत्तम काळ रोज्यांत गेला. लग्ने एप्रिलमध्ये आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटीने झाली, उरलेली ईदनंतर पावसात. त्या वर्षी ज्यांनी सवयीप्रमाणे मेअखेरीसाठी माल ठेवला त्यांच्याकडे नवरीचे जोडे तसेच राहिले, आणि एप्रिलमध्ये मात्र त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला दाखवायला माल नव्हता. याउलट २०२५ साली ईद ३१ मार्चला होती आणि मोहर्रम जूनच्या शेवटी लागला. एप्रिल, मे आणि जवळजवळ सगळा जून मोकळा. असा काळ पुष्कळ वर्षांनी आला होता. पुढे २०३० मध्ये रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या अखेरीस. तोपर्यंत उन्हाळ्याच्या लग्नसराईत रमजान येणार नाही. ज्यांना दुकान वाढवायचे आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे.

महिन्यांच्या बाबतीत समजुतीही आहेत. मोहर्रम व सफरमध्ये लग्न टाळतात, जिल्कदला 'खाली'चा महिना म्हणतात. सफर अशुभ नाही हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. ह. आयशा (रजि.) यांचा निकाह शव्वालमध्ये झाला, आणि जाहिलियतच्या काळात अरब लोक नेमका शव्वालच लग्नाला वाईट मानत असत. दीन म्हणून या समजुतींना वजन नाही. पण व्यापारी म्हणून त्यांचे वजन आहे, कारण 'खाली'त गिऱ्हाईक येत नाही. २०२५ मध्ये एप्रिलअखेरपासून मेअखेरपर्यंत जिल्कद होता. ज्या घरांतील वडीलधारे अडून बसले त्यांनी एप्रिलमध्येच उरकले किंवा बकरी ईद संपण्याची वाट पाहिली. शिकलेल्या घरांनी मेमध्ये केले. आपण दोन्ही घरांचा अंदाज धरून माल भरावा आणि समजूत घालण्याचे काम इमाम साहेबांवर सोडावे. मी एकदा दुकानात वाद घातला होता. वादात मी जिंकलो आणि गिऱ्हाईक सावद्याला गेले.

खरेदी कधी करावी? माझा नियम असा : लग्नाच्या दाट काळाच्या तीन महिने आधी पहिली फेरी, तीही नमुन्यासाठी. एक महिना आधी दुसरी, ती खऱ्या मालाची. तापीकाठची भुसावळ-सुरत रेल्वे आपल्याला सोयीची आहे, रात्री बसावे आणि सकाळी रिंग रोडच्या बाजारात उतरावे. पहिल्याच फेरीत सगळे पैसे लावू नयेत. नवरीच्या कपड्याची तऱ्हा एका हंगामात बदलते, शर्ट-पँट पीस आणि आहेराच्या साड्यांची सहसा बदलत नाही. म्हणून आहेराचा माल आधी भरावा, बरीचा शेवटी.

माल ओळखणे आणि खरे सांगणे

लग्नाच्या मालात फसवणूक जास्त होते, कारण चमक जास्त असते. सूत एक काडी लावून ओळखावे. कापूस कागदासारखा जळतो आणि राख मऊ राहते. पॉलिस्टर वितळून काळी कडक गोळी होते. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो. रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून घासावा, गडद तांबड्या आणि किरमिजी मालाला तर हे केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मी हे शिकलो ते नुकसानातून. सुरतेच्या एका ठोक दुकानातून गडद किरमिजी वेलवेट आणले होते. माल दिसायला सुंदर, भावही कमी, मी घाईत होतो. एका नवरीचा ओढणीसह जोडा त्याचाच झाला. उन्हाळ्याचे दिवस, मांडवात गर्दी, घाम. तिच्या मानेला आणि हातांना रंग लागला आणि फिकट ओढणीची कड तांबडी झाली. बायकांनी ओढणी फिरवून घेतली आणि वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील दुकानात आले, ते रागावले नाहीत, फक्त ओढणी माझ्यासमोर ठेवली. मी पैसे परत केले. ठोक दुकानदाराने मला परत केले नाहीत, त्याचे म्हणणे असे की माल तपासून घेणे माझे काम होते. ते खरेच होते.

दुसरी गोष्ट रेशमाची. पुरुषांना अस्सल रेशीम नेसणे मना आहे हे सर्वांना ठाऊक आहे, तरी 'सिल्क शेरवानी' सगळे मागतात. बाजारातील बहुतेक शेरवानीचे कापड 'आर्ट सिल्क' असते, म्हणजे पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस. तेव्हा ते घालायला हरकत राहत नाही, पण मग ते रेशीम सांगून रेशमाचा भाव घेणे ही दुहेरी लबाडी होते. मी बिलावर 'आर्ट सिल्क' लिहितो. जरीचेही तसेच. आजची बहुतेक जरी प्लास्टिकची आहे, त्यात लाज नाही, लाज ती चांदीची सांगण्यात आहे.

आपले इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा दोष असलेले कापड दोष न सांगता विकले. गिऱ्हाईक सापडले नाही, तेव्हा इमाम साहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम दान करून टाकली. कापडवाल्याला याहून मोठी सनद कुठली पाहिजे?

मापाबद्दल थोडे. सलवार-कमीजला ४४ इंची पन्ह्यात सुमारे ५ मीटर आणि ओढणी वेगळी अडीच मीटरची. साडी साडेपाच मीटर, ब्लाऊज धरून सहा-सव्वासहा. ५८ इंची पन्ह्यात कोट-पँटला ३ ते सव्वातीन मीटर, शेरवानी उंचीप्रमाणे तीन ते साडेतीन. लेहंग्याच्या घेरात मात्र गिऱ्हाईक आणि शिंपी यांचे कधी जुळत नाही. घेर किती कळ्यांचा ते शिंप्याकडून चिठ्ठीवर लिहून आणायला सांगावे आणि मगच थान कापावे. कात्री लागलेले कापड कोणी परत घेत नाही.

कराचाही हिशेब बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यावर नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. थानातील साध्या कापडावर ५ टक्के. म्हणजे ४,००० रुपयांच्या तयार लेहंग्यावर ७२० रुपये कर, तेवढ्याच किमतीच्या थानातील कापडावर २००. नवरीचे तयार कपडे महाग पडू लागले आहेत, तेव्हा ही शिंपी बांधवांसाठी संधी आहे. भारी कामाच्या न शिवलेल्या संचाबाबत मात्र आपल्या कर सल्लागाराला विचारूनच बिल करावे.

शिंपी आणि जरदोजी कारागीर

शिंपी बांधवांनी वाईट वाटून घेऊ नये, पण लग्नात भांडण कापडवाल्याशी कमी आणि शिंप्याशी जास्त होते. कारण एकच, तारीख. रमजाननंतर लगेच शव्वालची लग्ने असली की ईदचे शिवण आणि लग्नाचे शिवण एकमेकांवर चढते. ईदचे कपडे घेणे १५ रमजानला बंद करावे आणि तशी पाटी लावावी. नवरीचे कपडे लग्नाच्या आठ दिवस आधी एकदा अंगावर घालून पाहायला द्यावेत. आदल्या रात्री दिलेला जोडा कितीही चांगला शिवला तरी त्याची आठवण कडूच राहते. सुती अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवावे. न काढलेले अस्तर पहिल्या धुण्यात आटते आणि वरच्या कापडाला सुरकुत्या पडतात, दोष मात्र कापडाला लागतो.

अड्ड्यावर काम करणाऱ्या कारागिरांनी खाका आणि मजुरी दोन्ही लिहून घ्यावी. तोंडी ठरलेली बुट्टी कापडावर दुप्पट होते आणि मजुरी तेवढीच राहते.

अकरा जोडे

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आले. केळीच्या ट्रकवर भराईचे काम करणारा माणूस, मुलाचे लग्न होते. बरीसाठी अकरा जोडे पाहिजे म्हणाला. मी विचारले, "मुलगा काय करतो?" "माझ्यासोबतच भराईला येतो, शेठ." "मग अकरा कशाला?" तो म्हणाला, "व्याह्यांच्या घरी मोठ्या मुलीला अकरा आले होते. सात नेले तर आमची सून जन्मभर ऐकून घेईल." मी काही बोललो नाही. बोललो असतो तर चार जोडे कमी विकले गेले असते. अठरा हजारांचे बिल झाले, सहा हजार रोख, बाकी दोन महिन्यांत. दोन महिन्यांचे दीड वर्ष झाले. तो बाजारात दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जाई. आधी तो रोज सलाम करीत असे. शेवटी हप्त्या-हप्त्याने त्याने बहुतेक फेडले. मी वर काही घेतले नाही, घ्यायचेही नव्हते.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली. पिशवीतून सहा जोडे काढले. घडीही मोडलेली नव्हती, माझ्या दुकानाची चिठ्ठी तशीच टाचलेली होती. म्हणाली, "चाचा, हे परत घेता का? जेवढे द्याल तेवढे द्या." तीच ती सून. अकरापैकी पाच तिने वापरले होते. सासऱ्यांची तब्येत विचारली तर म्हणाली, कंबर धरते, भराईला जात नाहीत. मी अर्ध्या किमतीने ते जोडे घेतले. त्यांची तऱ्हा जुनी झाली होती, कोणी घेतले नाहीत. दोन कापून लहान मुलींचे फ्रॉक शिवले, ते ईदला गेले. बाकीचे बरेच दिवस वरच्या फळीवर होते.

त्यानंतर मी गादीवर एक रीत घातली. बरी विचारायला कोणी आले की प्रथम तीन जोडे दाखवायचे : निकाहचा एक, वलीम्याचा एक आणि रोज वापरता येईल असा चांगला सुती एक. हे तिन्ही भारी, टिकाऊ. त्यानंतर विचारायचे की आणखी हवेत का. पहिल्या हंगामात माझी विक्री घसरली, हे लपवत नाही. काही घरे जळगावच्या फुले मार्केटला गेली आणि तेथून अकरा जोडे घेऊन आली. काही अजूनही जातात. माझ्या मुलाला ही रीत पसंत नाही. तो म्हणतो, "अब्बा, रिवाज आपण काढला का? समोरच्या दुकानात अकरा मिळतात तर आपण तीन का दाखवावेत?" त्याच्या म्हणण्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. दुकानाचे भाडे रिवाजातूनच निघते हे मलाही कळते.

पण हिशेब मांडला तर तो म्हणतो तितका फायदा त्या अकरात नाही. समजा हंगामासाठी ३,००,००० रुपयांचा माल आणला आणि खरेदीवर २० टक्के नफा धरला. त्यातला ४०,००० खरेदीचा माल पडून राहिला. म्हणजे २,६०,००० चा माल ३,१२,००० ला विकला, नफा ५२,०००. उधारीत ३०,००० बुडाले. राहिले २२,०००. पडून राहिलेला माल पुढच्या हंगामात निम्म्या किमतीला काढला, २०,००० तोटा. हातात २,०००. त्यातून नोकर, दिवाबत्ती आणि सुरतेच्या फेऱ्या. हा हिशेब समजण्यासाठी मांडला आहे, पण ज्यांची वही खरी आहे त्यांनी स्वतःचे आकडे घालून पाहावे. खपाचा आकडा फुगवणारी उधारीच शेवटी नफा खाते.

म्हणून लग्नाच्या उधारीची माझी पद्धत सांगतो. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत उधारी लिहून ठेवण्याविषयी आहे, सूरह बकराची २८२ वी. तेव्हा ओळखीचा असो, भाऊबंद असो, रक्कम, तारीख आणि दोन साक्षी लिहिल्याशिवाय माल खाली उतरवत नाही. यात गिऱ्हाइकाचा अपमान नाही, हुकूम तसाच आहे. अर्धी रक्कम रोख घेतल्याशिवाय बरीचा माल देत नाही, आहेराचा देतो. उशीर झाला तर वर एक पैसाही लावत नाही. खरोखर अडचण असेल तर सवलत द्यावी हेही त्याच सूरहमध्ये दोन आयती आधी आले आहे. पण अडचण आणि टाळाटाळ यातला फरक व्यापाऱ्याला ओळखता आला पाहिजे.

आहेराच्या मालासाठी जांगड फार उपयोगी पडते. आमच्याकडे जुने लोक जाकड म्हणतात. दोन्ही बाजूचे नातेवाईक किती येतील हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून घरचे लोक भीतीने जास्त घेऊन ठेवतात. मी शर्ट-पँट पीस, टॉवेल, टोप्या आणि साध्या साड्या मोजून देतो, नग लिहून सही घेतो आणि लग्नानंतर तिसऱ्या दिवसापर्यंत न उघडलेला माल परत घेतो. फिकहमध्ये परत करण्याच्या बोलीने खरेदी करण्याची सोय आहे आणि हनफी मजहबात तिची मुदत तीन दिवसांची आहे, म्हणून मी तीन दिवस ठेवले. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि आपला माल घडी न मोडता परत येतो. आमच्या भागातील लेवा पाटील, गुजर, कोळी शेजारीही आहेर करायला येतात आणि आपणही त्यांच्याकडे जातो, तो आहेर शेवटच्या दिवशी ठरतो. त्यासाठीही जांगडच बरी. सातपुड्याच्या पट्ट्यातील तडवी बांधव गावातून एकदम गाडी करून येतात, त्यांना परत फेरी पडू नये म्हणून माझा नोकर बाजाराच्या दिवशी तिकडून माल घेऊन येतो.

सुरतेची देणीही वेळेवर असावीत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जात नाही. पूर्वीचे तीन-तीन महिने आता विसरावेत. गिऱ्हाइकाला सहा महिने आणि सुरतेला पंचेचाळीस दिवस, मधले अंतर व्याजी कर्जाने भरून काढणारी दुकाने मी पाहिली आहेत.

दोन-तीन जमातींनी मिळून एकाच दिवशी सामूहिक निकाह लावण्याची पद्धत आपल्या जिल्ह्यातही आली आहे. तिथे सर्व नवऱ्यांना सारखेच कापड लागते. असा माल ठोक भावात, थोड्या नफ्यावर आणि संपूर्ण रोखीने जातो. मी एकदा असा माल पुरवला. नगामागे नफा बरीच्या चौथ्या हिश्श्याइतका होता, उधारी शून्य आणि पडून राहिलेला माल शून्य. वहीत तो हंगाम सर्वांत स्वच्छ दिसतो. आयोजकांनी फक्त एक काळजी घ्यावी, माप आधी द्यावे. आम्हाला सगळ्या शेरवान्या एकाच मापाच्या सांगितल्या गेल्या आणि एका उंच नवरदेवाच्या बाह्या कोपरापाशी राहिल्या. तो बिचारा फोटोत हात मागे बांधून उभा आहे.

पुढच्या हंगामाची पहिली फेरी कोणाला माझ्यासोबत करायची असेल तर शाबान लागण्यापूर्वी दुकानावर येऊन सांगावे. चार दुकाने मिळून आहेराचा माल एकत्र घेतला तर ट्रान्सपोर्ट वाटून जाते आणि भावातही फरक पडतो. नमुन्याच्या चिंध्या, पांढरा रुमाल आणि काडेपेटी सोबत आणावी.